मालमोटारीच्या पोटाखालचें चाक

मराठींत परभाषेंतून आलेले शब्द थोडे नाहींत. परंतु ज्या देशांतून शब्द आला त्याच देशांत तो बहुतेक विसरला गेला आणि आपल्या खेडोपाडीं मात्र तो रोज उच्चारला जातो, असें उदाहरण विरळाच. 'स्टेपनी' हा शब्द तसा आहे. आटपाडीच्या बाजारांतून डाळिंबें भरून निघणाऱ्या ट्रकच्या चालकाला स्टेपनी म्हणजे काय हें सांगावें लागत नाहीं. लंडनच्या रस्त्यावर हाच शब्द उच्चारला तर ऐकणाऱ्याला त्या शहराचा एक जुना विभाग तेवढा आठवेल, आणि त्या विभागाशीं तर या शब्दाचा थेट संबंधच नाहीं. जादा चाकाला हें नांव कसें पडलें, तें चाक गाडीच्या बाजूवरून तिच्या पोटाखालीं कसें गेलें, आणि तेथें गेल्यामुळें हिवाळ्याच्या दिवसांत त्याची निगा हा चिंतेचा विषय कां झाला, हा इतिहास शंभर-सव्वाशें वर्षांचा आहे. तो राजेरजवाड्यांचा इतिहास नव्हे. पण रात्रींअपरात्रीं मालाची ने-आण करणाऱ्या हजारों माणसांच्या जिवाशीं त्याचा निकटचा संबंध आहे.

आटपाडीचा प्रदेश माणगंगेच्या खोऱ्यांतला, सह्याद्रीच्या पर्जन्यछायेंत सांपडलेला. १९४८ सालीं विलीनीकरण होईपर्यंत हा तालुका औंध संस्थानांत होता. पुढें १९४९ मध्यें बनलेल्या दक्षिण सातारा जिल्ह्यांत तो आला, आणि १९६० सालीं त्या जिल्ह्याला सांगली हें नांव मिळालें. औंध संस्थान तुकड्यातुकड्यांनीं विखुरलेलें होतें, आणि त्याच्या या तुकड्याच्या वाट्याला रेल्वे आली नाहीं. पश्चिमेकडून पुणें-मिरज रेल्वे गेली. पूर्वेकडून पंढरपूर-मिरज हा अरुंद मापाचा फांटा १९२७ सालीं सुरू झाला. मधल्या मुलखांतला माल स्टेशनपर्यंत नेण्याचें काम बैलगाडीचें. खरसुंडीच्या सिद्धनाथाच्या यात्रेंत ज्यांचा बाजार भरे ते खिलार बैल हीच या मुलखाची वाहनशक्ति होती.

या बैलगाडीला जादा चाक कधीं लागलें नाहीं. मधोमध लांकडाचा तुंबा, त्यांत ठोकून बसविलेले आरे, वर लांकडी वाटोळी कड आणि तिच्यावर तापवून चढविलेली लोखंडी धांव, अशी त्या चाकाची घडण. कांटा बोंचल्यानें तें बसत नसे. एखादा आरा मोडला किंवा धांव सैल झाली, तर गांवचा सुतार आणि लोहार होतेच. गाडीवानाची सारी काळजी आंसापाशीं एकवटलेली असे. वंगणाचें नळकांडें गाडीलाच टांगलेलें असे आणि चाक कुरकुरूं लागलें कीं तो खीळ काढून, चाक बाहेर सरकावून, आंसाला वंगण माखी. येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. ज्या भागाला वंगण हवें असे, तो भाग गाडीवानाच्या डोळ्यांसमोर होता, आणि वंगण संपल्याची वर्दी त्याच्या कानांवर आपोआप येत होती.

रबरानें हें चित्र पालटलें. स्कॉटिश इंजिनियर रॉबर्ट टॉमसन यानें हवा भरलेल्या चाकाचें पेटंट १८४५ सालींच घेतलें होतें, पण तें व्यवहारांत रुजलें नाहीं. १८८८ सालीं बेलफास्ट येथील पशुवैद्य जॉन बॉइड डनलॉप यानें आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलसाठीं हवेची रबरी धांव तयार केली आणि ती मात्र जगभर पसरली. आपल्याकडे पुढें रबरी चाकांची बैलगाडी आली, तेव्हां तिला लोक 'डनलॉप गाडी' असेंच म्हणूं लागले. १८९५ सालीं पॅरिस-बोर्दो-पॅरिस या शर्यतींत मिशेलिन बंधूंनीं हवेचे टायर लावलेली मोटार उतरविली. तिचे टायर वाटेंत वारंवार पंक्चर झाले. पण हवेच्या टायरावर मोटार चालूं शकते, एवढें सिद्ध झालें.

हवेच्या चाकानें धक्के कमी केले, वेग वाढविला, आणि त्याबरोबर एक नवें दुबळेपण आणलें. लोखंडी धांवेला बाभळीचा कांटा म्हणजे कांहींच नव्हे. रबरी टायराला तो पुरेसा होता. त्यांतून त्या काळच्या मोटारींचीं चाकें आंसाला कायमचीं जखडलेलीं असत. हवा गेली कीं रस्त्याच्या कडेला बसून टायर उचकटावा, ट्यूब ओढून काढावी, ठिगळ लावावें आणि हातपंपानें पुन्हां हवा भरावी, यांत तास-दीड तास सहज मोडे. पाऊस, थंडी, अंधार कांहींहि असो, त्यांतून सुटका नव्हती.

यावर तोड निघाली ती वेल्समधील लॅनेली या गांवीं. तेथील टॉमस व वॉल्टर डेव्हिस या बंधूंनीं १९०४ सालीं एक युक्ति काढली. आरे नसलेली नुसती लोखंडी कडी, तिच्यावर आधींच हवा भरून ठेवलेला टायर. पंक्चर झालेल्या चाकाच्या बाजूला ही कडी पकडींनीं आवळून बसवावयाची आणि गाडी पुढें हांकावयाची. मूळ चाक काढण्याचें कारणच उरलें नाहीं. त्यांचें दुकान लॅनेलीच्या स्टेपनी स्ट्रीट या रस्त्यावर होतें, म्हणून या चाकाला 'स्टेपनी' हें नांव मिळालें. हा माल इंग्लंडबाहेरहि दूरवर विकला गेला, आणि जेथें जेथें तो गेला तेथें त्याचें नांव रुजलें. हिंदुस्थानांत तें आहे, भूमध्य समुद्रांतील माल्टा बेटांत आहे, आणि ब्राझीलच्या पोर्तुगीज भाषेंत जादा चाकाला 'एस्तेपे' म्हणतात तेंहि याच शब्दाचें रूप.

डेव्हिस बंधूंची कडी फार वर्षें टिकली नाहीं. १९०८ च्या सुमारास सबंध चाकच नट काढून सुटें करतां येईल अशा रचना पुढें आल्या. मग आऱ्याविना कडी बाळगण्याऐवजीं पुरें पांचवें चाकच बरोबर घेणें सोयीचें ठरलें. वस्तु बदलली, नांव तेंच राहिलें. हें पांचवें चाक त्या काळच्या मोटारींच्या छायाचित्रांत ठळकपणें दिसतें; कधीं पायफळीवर पुढच्या पंख्याला टेकून, कधीं पाठीमागें पट्ट्यांनीं बांधून. चाक डोळ्यांसमोर असे. त्याची हवा गेली तर दिसे, पट्टा कुजला तर दिसे, आणि गाडी धुतांना तेंहि आपोआप धुतलें जाई.

मुंबईस शिवडी येथें जनरल मोटर्सनें १९२८ सालीं गाड्या जुळविण्याचा कारखाना काढला, आणि मालमोटारी पश्चिम महाराष्ट्राच्या रस्त्यांवर वाढूं लागल्या. दुसऱ्या महायुद्धांत १९४२ च्या आरंभीं जपाननें मलाया घेतला आणि जगाच्या रबराचा मोठा झराच आटला. टायरांवर नियंत्रणें आलीं. ज्याच्याजवळ धड असें जादा चाक होतें, तो मोटारवाला त्याला घरच्या दागिन्यासारखा जपे. युद्धानंतर लष्कराच्या मोडींत निघालेल्या लॉऱ्या खाजगी मालकांकडे आल्या. १९४८ सालीं सरकारी एस. टी. सुरू झाली. १९५४ सालीं जमशेदपूर येथें टाटांनीं डेम्लर-बेंझच्या सहकार्यानें ट्रक बांधण्यास सुरुवात केली. गाड्या लांब झाल्या, त्यांचा बोजा वाढला, आणि त्याबरोबर चाकहि जड झालें.

आतां हें जड चाक ठेवावयाचें कोठें? मालमोटारीच्या हौद्यांतली प्रत्येक वीत भाड्याची. तेथें चाक ठेवावें तर मालाची जागा जाते, आणि माल भरल्यावर तें पोत्यांखालीं सांपडतें. टपावर चढवावें तर गाडीचा तोल वर जातो आणि उतरविणाऱ्याची कंबर मोडते. चासीच्या दोन लांब तुळयांमधली किंवा मागील आंसामागची खालची जागा मात्र रिकामीच असते. तेथें चाक आडवें टांगलें तर माल अडत नाहीं, ओझें जमिनीजवळ राहतें, आणि तें खालीं सोडावयास गाडी रिकामी करावी लागत नाहीं. म्हणून कित्येक ट्रकांत व त्यांच्यासारख्या लहान मालगाड्यांत जादा चाक पोटाखालीं गेलें.

तें तेथें धरून ठेवणाऱ्या साधनाच्या मुख्यतः दोन जाती आहेत. पहिली पाळण्याची: लोखंडी पट्ट्यांची चौकट एका बाजूस बिजागरीवर फिरते आणि दुसऱ्या बाजूस बोल्टांनीं आवळलेली असते. दुसरी रहाटाची. विहिरीच्या रहाटाप्रमाणें येथें एका लहान रुळावर सांखळी किंवा तारेचा दोर गुंडाळलेला असतो. दोराच्या टोंकाची आडवी पट्टी चाकाच्या मधल्या भोंकांत अडकते, आणि बाहेरून दांडा फिरविला कीं चाक वर चढतें किंवा खालीं उतरतें. या रहाटांत मळसूत्री दांते असतात. त्यांचा गुण असा, कीं दांडा फिरवून चाक हलवितां येतें, पण चाकाच्या ओझ्यानें दांडा उलटा फिरत नाहीं. विहिरीच्या रहाटावरची घागर हात सुटला कीं खालीं जाते. येथें हात सोडला तरी चाक जागच्या जागीं राहतें. ट्रकचें रिमसकट चाक शंभर किलोच्या आसपास भरतें, हें लक्षांत घेतां ही युक्ति किती मोलाची तें कळून येईल.

परंतु सोय झाली तशी एक गैरसोयहि झाली. गाडीवानाचा आंस त्याच्या नजरेसमोर होता. ट्रकवाल्याची स्टेपनी त्याच्या नजरेआड गेली. मागील चाकांनीं उडविलेला सगळा चिखल, पाणी आणि खडी नेमकी तेथेंच आदळते. दोराच्या पिळांत धूळ शिरते, जुन्या ग्रीसमध्यें वाळू मिसळून तिचा सानेवरच्या दगडासारखा लेप होतो, आणि दांत्यांत गंज धरतो. हें सारें निमूटपणें चालतें. चाक कुरकुरत नाहीं. चालक रोज इंजिनाचें तेल पाहतो, पाणी पाहतो, चालत्या चाकांवर टॉमी आपटून हवा अजमावतो. पण पोटाखालचें चाक तीन-चार महिने खालीं उतरलेलें नसतें. मग एका रात्रीं त्याची गरज पडते आणि दांडा फिरत नाहीं.

थंड देशांत या दुर्लक्षाची किंमत लवकर मोजावी लागली. तेथें रस्त्यावरचा बर्फ वितळावा म्हणून मीठ पसरतात. अमेरिकेंत ही चाल १९४० नंतरच्या दशकांत रूढ झाली. मिठाच्या पाण्याचा गोठणबिंदु खालीं जातो, म्हणून रस्ता मोकळा राहतो. पण तेंच खारें पाणी गाडीच्या पोटाला चिकटतें, आणि तें विजेचें चांगलें वाहक असल्यामुळें लोखंड झपाट्यानें गंजवितें. लोखंडावर जस्ताचा मुलामा देण्याची कृति १८३७ पासून ठाऊक आहे. त्या कृतीचें पेटंट सोरेल नांवाच्या फ्रेंच गृहस्थानें घेतलें होतें. परंतु दोर सतत घासला जातो तेथें मुलामा झिजतो आणि आंतलें लोखंड उघडें पडतें. टोयोटा कंपनीनें २००९ सालीं अमेरिकेंतील आपल्या सुमारें १,१०,००० टुंड्रा मालगाड्या तपासणीस परत बोलाविल्या. गंजानें मागची आडवी तुळई झिजून तिच्याखालचें जादा चाक रस्त्यावर गळून पडण्याचा संभव दिसला होता. पुढच्याच वर्षीं सिएना या घरगुती वापराच्या गाड्यांपैकीं सुमारें ६,००,००० गाड्यांसाठीं तसेंच पाऊल उचलावें लागलें. तेथें दोष चाक धरणाऱ्या दोराच्या गंजाचा होता. दोन्ही वेळीं मुख्य रोख थंड हवेच्या व मीठ टाकणाऱ्या प्रांतांवर होता. भरधांव वाहत्या रस्त्यावर एखादें चाक अकस्मात् पडलें, तर मागून येणाऱ्या निरपराध माणसावर कोणता प्रसंग येईल, याचें वर्णन करण्याची गरज नाहीं.

आपल्याकडे रस्त्यावर बर्फ नाहीं, तेव्हां ही गोष्ट परक्यांची, असें कोणास वाटेल. तें खरें नव्हे. मीठ कोंकणांत हवेंतच आहे. किनाऱ्यावर राहणारी, मिठागरांतून मीठ वाहणारी किंवा मासळीचें खारें पाणी ठिबकत नेणारी गाडी अमेरिकेंतल्या हिवाळ्याइतकीच गंजूं शकते. घाटमाथ्यावर हिवाळा हा उसाच्या गळिताचा हंगाम. ट्रक आणि ट्रॅक्टर पाणी दिलेल्या शेतांत उतरतात. काळा चिखल पोटाला बसतो आणि कोरड्या थंडींत विटेसारखा कडक होतो. आटपाडीकडे मृग बहराचें डाळिंब याच दिवसांत तयार होतें आणि ट्रकांनीं उत्तरेच्या बाजारपेठांकडे जातें. गाडी निघते माणदेशाच्या धुळींतून आणि दोन-तीन दिवसांनीं उत्तरेच्या दाट धुक्यांत व कडक गारठ्यांत शिरते. तेथून कोणी जम्मूच्या पुढें बनिहालकडे वळला, तर २१ डिसेंबरपासून चाळीस दिवसांचा 'चिल्लई कलान' हा काश्मीरचा ऐन कडाक्याचा काळ त्याला गांठतो. गोठतांना पाणी सुमारें एक दशांशानें फुगतें. रहाटाच्या दांत्यांत आणि कुलपांत शिरलेलें दंव एका रात्रींत सर्व कांहीं जखडून टाकतें, आणि नेहमींचें ग्रीसहि मेणासारखें घट्ट होतें.

थंडीचा आणखी एक परिणाम डोळ्यांना दिसत नाहीं. हवा थंड झाली कीं तिचा दाब उतरतो. दुपारच्या ३५ अंश उष्णतेंत ११० पौंड हवा भरलेली स्टेपनी ५ अंशांच्या पहाटे कोठेंहि गळती नसतां ९८ पौंडांच्या आसपास भरते. आधींच जिची हवा कमी होती, ती तर निकामीच समजावी. म्हणजे अडचणीच्या वेळीं चाक खालीं आलें तरी तें उपयोगीं पडेलच असें नाहीं.

यावरचा उपाय महागाचा नाहीं. त्याला फक्त ठरलेला दिवस हवा. गाडी सपाट जागीं उभी करून चालत्या चाकांना दगड लावावे. चाक खालीं सोडतांना त्याच्या खालीं अंग, हात किंवा पाय जाऊं देऊं नये. जुना दोर तुटतो तो बहुधा याच वेळीं. सबंध दोर सोडून तो पूर्ण लांबीभर पाहावा. एखादी तार तुटून वर आलेली दिसली, पिळांत लाल चुरा दिसला, तर दोर बदलावा. त्यावर ग्रीस फासणें म्हणजे रोग झांकणें होय. चिखल पाण्यानें काढून सारें नीट कोरडें होऊं द्यावें. जुनें ग्रीस रॉकेलनें व तारेच्या ब्रशनें काढल्यावरच नवें भरावें. तेल किंवा ग्रीस टायरावर सांडूं देऊं नये, कारण रबर त्यानें कुजतें. पाळण्याच्या बोल्टांच्या आट्यांना ग्रीस लावावें. चोरीच्या भयानें घातलेल्या कुलपांत तेलाचे दोन थेंब सोडून त्याचें तोंड झांकावें. चाक पुन्हां वर चढविल्यावर तें चासीला घट्ट टेकलें पाहिजे. हाताच्या धक्क्यानें खडखडतें तें वाटेंत दोर कापीत जातें. दोराखेरीज एक जादा सांखळी घालावी. थंड मुलखांत असेपर्यंत आठवड्यांतून एकदां चाक वीतभर खालीं-वर करावें. आणि बर्फानें जखडलेला रहाट हातोड्यानें ठोकूं नये. कढत पाण्यानें तो घटकाभर सुटतो, पण तेंच पाणी मागाहून अधिक घट्ट गोठतें. म्हणून तेवढ्या अवधींत काम उरकून भाग कोरडा करावा. डिझेल गोठल्यावर गाडीखालीं आगटी पेटविण्याची रीत कांहीं ठिकाणीं आहे. हवा भरलेल्या टायराजवळची आग हा मृत्यूशीं खेळ आहे.

हा दिवस कोणता असावा? आपल्या पूर्वजांनीं तो नेमून ठेवला आहे. खंडेनवमीला शस्त्रांची व अवजारांची पूजा होते. सुतार आपली करवत मांडतो, शेतकरी नांगर धुतो, आणि मोटारवाला गाडी धुऊन पुढच्या जाळीला झेंडूची माळ घालतो. पावसाळा संपलेला असतो आणि हिवाळा यावयाचा असतो. पोटाखालचें चाक उतरविण्याला यापेक्षां सोयीची वेळ नाहीं. माळ पुढें घालावी. पण त्याआधीं मागें जाऊन रहाटाचा दांडा फिरवून पाहावा. दुसरी फेरी संक्रांतीला केली, तर सबंध हिवाळा बिनघोर जाईल.

मोटारींच्या जगांत आतां जादा चाकाची गरजच कमी होत चालली आहे. भारत सरकारनें २०२० सालीं नियम बदलून, बिनट्यूबचे टायर, दाब दाखविणारें यंत्र आणि पंक्चर बुजविण्याचें साहित्य असलेल्या साडेतीन टनांपर्यंतच्या प्रवासी मोटारींना स्टेपनीची सक्ति राहूं दिली नाहीं. शहरांतल्या कुटुंबाला ही सवलत सोयीची आहे; त्याला हांकेच्या अंतरावर दुकान आहे, आणि मदतीला टेलिफोन आहे. मालमोटारीचें तसें नाहीं. तिचा जड टायर आडरानांत फुटला तर बाटलीभर औषधानें तो बुजत नाहीं, आणि धुक्याच्या रात्रीं रस्त्याच्या कडेला अडकलेली प्रत्येक घटका चालकाला, त्याच्या क्लीनरला आणि मागून येणाऱ्या अनोळखी वाहनालाहि धोक्याची असते. तोंवर हौद्यांतलें डाळिंबहि शिळें होत असतें, आणि त्याच्यामागें कोण्या शेतकऱ्याचें वर्षाचें पाणी व कष्ट असतात.

शहरांतल्या घरीं टेबलावर फळें येऊन पडतात तेव्हां त्यांच्या प्रवासाची आठवण सहसा होत नाहीं. ज्यांच्या घरीं मालमोटार आहे, किंवा ज्यांचा माल मालमोटारीनें जातो, त्यांनीं तरी हिवाळ्यापूर्वीं चालकाला एक प्रश्न विचारावा: स्टेपनी शेवटची खालीं कधीं उतरविली होती? उत्तर आठवावें लागलें, तर गाडी त्या दिवशीं न सोडतां तासभर थांबवावी आणि रॉकेल, ब्रश व ग्रीस यांचा खर्च मालकानें आपणहून द्यावा.